मोठे सोडा, लहान आणा

ट्विन सिटीजमधून (म्हणजे मिनेसोटातल्या मिनिॲपोलिस-सेंट पॉलमधून) दर जूनला उत्तरेच्या तळ्यांवर मासे गरवायला जाणाऱ्या आपल्या सगळ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आधी स्वतःबद्दल सांगते, म्हणजे नंतर "ही कोण सांगणारी" असं व्हायला नको. मी गळ टाकत नाही. मला त्यातलं फारसं कळतही नाही. रीलचा दोरा माझ्या हातात दोन मिनिटांत गुंततो. मी मासे साफ करते. गेली अकरा वर्षं, जूनच्या दुसऱ्या शनिवारी, केबिनमागच्या त्या लाकडी टेबलावर, डास मारत मारत, तुम्ही आणलेल्या बादल्या मी आणि दोन वहिनी मिळून रिकाम्या करतो. खवले काढायचे, पोट फाडायचं, कल्ले ओढायचे, धुवायचं, हळद-मीठ लावायचं. तुम्ही तोवर फोटो काढत असता. तक्रार नाही, मला ते काम आवडतं. रेवदंड्याला आजीशेजारी बसून जे जे शिकले त्यातलं हे एकच या देशात उपयोगी पडलं. पण अकरा वर्षं एकाच तळ्याचे मासे एकाच हाताखालून गेले की हाताला काही गोष्टी कळायला लागतात, आणि त्या आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

तळ्याचं नाव लिहीत नाही. ब्रेनर्डच्या पुढे, पाइनच्या झाडांत, दीडशे एकरांच्या आतबाहेर, एवढं पुरे. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी 11,842 तळी आहेत, शोधत बसा. मासे धरणारा आपली जागा सांगत नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

माझं मोजमाप म्हणजे माझा तवा. बारा इंची, बिडाचा, दर वर्षी गाडीत पायाशी ठेवून नेते. पहिल्या वर्षी त्यावर चार सनफिश बसले आणि तवा भरला. शेपट्या कडेच्या बाहेर येत होत्या, म्हणून त्या कापाव्या लागल्या होत्या. आठवत असेल, लहान मुलांनी त्या शेपट्याच कुरकुरीत करून मागितल्या. गेल्या जूनला त्याच तव्यावर सात बसले, आणि मध्ये एखादी मांदेली टाकता येईल एवढी जागा उरली. तवा म्हणजे काही शास्त्रीय उपकरण नव्हे, हे मला कळतं. पण तवा तोच आहे, आणि तो वाढलेला नाही.

यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे. "अगं, मासे कुठे कमी झालेत? टाकला की लागतोय!" बरोबर आहे. कमी झालेलेच नाहीत. ही गोष्ट मलाही सगळ्यात उशिरा उमगली. तळं रिकामं होत नाहीये, तळं बारीक माशांनी भरत चाललंय. ते का, हे समजून घ्यायला मला एक अख्खा हिवाळा लागला. इथे हिवाळा मुबलक मिळतो.

आपण आणतो तो बहुतेक ब्लूगिल, सनफिशांतला एक. चपट्या उंच अंगामुळे आपण त्याला चिलापी म्हणतो, पण चिलापीशी त्याचं नातं फक्त दिसण्यापुरतं. इथल्या लोकांचा जीव वॉलायवर. 1965 पासून तो या राज्याचा राज्यमासा आहे (आपल्या पापलेटला तो मान 2023 मध्ये मिळाला). वॉलाय आपल्याला मिळत नाही, म्हणून आपण ब्लूगिल आणतो आणि घरी येऊन "आम्हाला हाच जास्त आवडतो" म्हणतो. असो. मला खरंच आवडतो.

गेल्या जूनमध्ये तुम्ही सगळे अजून हायवेवर होतात तेव्हा मी शुक्रवारी दुपारीच पोचले होते. वारा पडला होता. पूर्वेकडच्या त्या वाळूच्या खाचेत मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि खाली बघितलं. तळाशी थाळ्या मांडल्या होत्या. खरंच सांगते, दुसरा शब्द सुचत नाही. वाळूत फूट-दीड फूट रुंदीचे गोल खळगे, स्वच्छ घासलेले, एकाला लागून एक, लग्नाच्या पंगतीसारखे. पस्तीसपर्यंत मोजले, मग ऊन पाण्यावर आलं आणि दिसेना. प्रत्येक थाळीवर एक मासा. जागा सोडत नव्हता. शेजारचा जवळ आला की त्याच्या अंगावर जायचा आणि परत आपल्या थाळीवर. माझ्या पायाच्या बोटालाही एकाने टोचा मारला.

हे सगळे नर. पाणी साधारण 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ब्लूगिलचा नर उथळ पाण्यात येतो, शेपटीने वाळू उडवून घरटं करतो. मादी येते, अंडी घालते, निघून जाते. पुढचं सगळं बाळंतपण नराचं. अंड्यांवर गाळ बसू नये म्हणून तो सतत पंखांनी वारा घालतो आणि अंडी खायला येणाऱ्याला हाकलतो. अंडी काही दिवसांत फुटतात, पण पिल्लं पोहायला लागेपर्यंत तो हलत नाही, आणि त्या दिवसांत जवळजवळ काही खात नाही.

आता सांगा, जो खात नाही तो गळाला का लागतो? आमिष त्याच्या घरट्यावर पडतं, आणि घरट्यावर आलेलं काहीही तो तोंडाने उचलून बाहेर काढतो. भुकेचा प्रश्नच नाही. शनिवारी दोन पोंटून, म्हणजे आपल्या त्या सपाट बोटी, नेमक्या त्याच खाचेत नांगरल्या होत्या आणि "टाकला की घेतला!" हे टेबलापर्यंत ऐकू येत होतं. ते कौशल्य नव्हतं हो. दार राखणाऱ्याने दाराशी आलेल्या वस्तूला हात घातला, एवढंच.

त्या दुपारी 112 मासे आले. मी साफ केले म्हणून मला आकडा माहीत आहे. गाबोळी जेमतेम चार-पाच माशांत निघाली. बाकीचे बहुतेक नर, नारिंगी-तांबूस छातीचे, गडद अंगाचे. माद्या फिकट पिवळसर असतात, दोघांना शेजारी ठेवलं की लगेच कळतं. रविवारी सकाळी, तुम्ही झोपला होतात तेव्हा, मी पुन्हा त्या खाचेत गेले. निम्म्याहून जास्त थाळ्यांवर कोणी नव्हतं. म्हणजे यजमान नव्हता. बोटभर पर्च मासे आणि बारकी सनफिशची पोरं मात्र टोचत होती. पंगत उठल्यावर पत्रावळींवर काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे.

इथवर ऐकून कोणाला वाटेल, एका वर्षाची अंडी गेली, तर गेली. मासा हजारोंनी अंडी घालतो. खरं आहे. अंड्यांचा तोटा भरून निघतो. जे भरून निघत नाही ते वेगळंच आहे.

उत्तरेच्या तळ्यात मासा हळू वाढतो. वर्षातले साधारण पाच महिने वर बर्फ, खाली थंडगार पाणी; त्या काळात ब्लूगिल जगतो, वाढत नाही. आठ-नऊ इंचांचा व्हायला त्याला सात-आठ वर्षं लागतात, कधी जास्तही. झाडाच्या खोडात वर्षाचं कडं उमटतं तसं माशाच्या खवल्यावर आणि कानातल्या खड्यावर उमटतं. त्यावरून वय मोजतात. तुमच्या बादलीतला तो तळहातापेक्षा मोठा मासा, ज्याच्यासोबत आमच्या घरच्यांनी तीन फोटो काढले, तो बहुधा आपल्या धाकट्याएवढा. धाकटा दुसरीत आहे.

मोठ्या नराचा दरारा तळ्यात फक्त घरट्यापुरता नसतो. तो असेपर्यंत लहान नरांना चांगली जागा मिळत नाही, म्हणून ते थांबतात, खातात, वाढतात. मोठे उचलले की थांबायचं कारण संपतं. मग चार-पाच इंचांचा नरही घरटं मांडून बसतो. आणि एकदा का तो या संसाराला लागला की खाल्लेलं सगळं अंगाला न लागता त्यातच जातं, त्याची वाढ मंदावते. म्हणजे आपण मोठे मासे नुसते खाल्ले नाहीत. मागे राहिलेल्यांना मोठं होण्याची गरजच ठेवली नाही. म्हणून तळ्यात मासे भरपूर, आणि तव्यावर सात.

याला जोडून एक गंमत सांगते, कारण ती मला राहून राहून आठवते. कॅनडात, ओंटारिओमध्ये, किंग्स्टनच्या उत्तरेला ओपिनिकन नावाचं तळं आहे. तिथल्या विद्यापीठाच्या केंद्रावर मार्ट ग्रॉस नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्यात उतरून वर्षानुवर्षं ब्लूगिल बघितले. त्याला दिसलं की नरांत दोन घराणी आहेत. एक घरटं बांधणारं, ते तिथे सातव्या वर्षी वयात येतं. दुसरं चोरटं, दोन वर्षांचं झालं की तयार. हे चोरटे घरटं बांधत नाहीत, राखत नाहीत. गवतात दबा धरतात आणि जोडपं अंडी घालत असताना मधूनच घुसून आपलं काम करून पळतात. जरा मोठे झाले की मादीचं सोंग घेऊन सरळ दोघांच्या मध्ये शिरतात, आणि यजमानाला वाटतं, आज आपल्याकडे दोघी आल्या! पिल्लं मात्र यजमानच वाढवतो. आपण जूनमध्ये थाळीवरून उचलतो तो यजमान. चोरटा आपल्या गळाला सहसा लागत नाही, तो राखणीला बसलेलाच नसतो.

नियम आपण मोडला नाही, हे मी आधीच मान्य करते. सनफिशची राज्याची मर्यादा माणशी 20. आपले परवाने आहेत, आपण मोजतो, त्या बाबतीत आपल्याइतकी पापभीरू माणसं त्या तळ्यावर दुसरी नसतील. पण 20 ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नाही. लग्नात वाढपी "लाजू नका" म्हणतो म्हणून आपण वीस जिलब्या खात नाही. (एक-दोघं खातात. नावं घेत नाही.) राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने, म्हणजे डीएनआरने, कित्येक तळ्यांवर ही मर्यादा 10 किंवा 5 वर आणली आहे, ती याच कारणासाठी: मोठे सनफिश टिकावेत म्हणून. आपल्या तळ्यावर अजून ती पाटी लागलेली नाही. लागेपर्यंत थांबायलाच हवं का?

राज्याचा ब्लूगिलचा विक्रम 2 पौंड 13 औंसांचा आहे, हबर्ड काउंटीतल्या अ‍ॅलिस लेकमधला. साल 1948. त्यानंतर बोटींना जास्त ताकदीच्या मोटारी आल्या, पाण्याखालचं दाखवणारे पडदे आले, गेल्या वर्षी आपल्यातल्या एका भाऊजींनी तर मासा हलताना दिसतो असं यंत्र आणलं, ज्याची किंमत वहिनींना अजून सांगितलेली नाही. विक्रम तिथेच आहे.

आता आपल्याकडची गोष्ट, कारण मला वाटतं आपली खरी अडचण तिथे आहे. आपण लहानपणापासून एकच शिकलो: लहान मासा सोड, मोठा घे. आणि समुद्रासाठी ते योग्यच आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली. पापलेट 135 मिलिमीटरच्या आत असेल तर धरायचं नाही. पापलेटाचं पिल्लू वयात यायच्या आधीच जाळ्यात येतं, म्हणून तो नियम. तो मनात घेऊन आपण या तळ्यावर आलो आणि आज्ञाधारकपणे लहान ब्लूगिल परत टाकत राहिलो, मोठे ठेवत राहिलो. चांगल्या हेतूने नेमकं उलटं काम. कारण इथे लहान मासा अपुरा नाहीये. अपुरा आहे तो मोठा.

इथल्या कायद्यालाही हे कळतं. पाइकचं बघा. राज्याच्या उत्तर-मध्य भागात 2018 पासून नियम असा आहे की 22 ते 26 इंचांचा नॉर्दर्न पाइक सोडून द्यायचाच, आणि एकूण 10 पर्यंत नेता येतात, त्यात 26 इंचांवरचे जास्तीत जास्त दोन. म्हणजे सरकारच सांगतंय: बारके न्या, भरपूर न्या, मधले मोठे होऊ द्या. बारक्या पाइकला इथले लोक हातोडीचा दांडा म्हणतात, आणि दिसतोही तसाच.

आणि जून. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी सुकत घातलेली, नारळी पौर्णिमेची वाट बघणं. त्याच जूनमध्ये आपण इथे थेट बाळंतिणीच्या खोलीत गळ सोडून बसतो. पूर्वजांच्या शहाणपणाच्या गप्पा मी मारणार नाही, घाबरू नका. पहिल्या पावसात ओढ्याला गढूळ पाणी आलं की मासे अंडी घालायला शेतांत चढायचे, आमच्याकडे त्याला वलगण म्हणतात, तुमच्या रत्नागिरीकडे चढणीचे मासे. माझी आजी स्वतः डोक्यावर इरलं घेऊन टोपली भरायला जायची आणि गाबोळीने भरलेला मासा सगळ्यात आधी उचलायची. सहज मिळतो तेव्हा धरायचा, हे आपल्या रक्तातच आहे. आता तिकडेही गावागावात लोक एकमेकांना सांगायला लागलेत की वलगणीचे मासे धरू नका. आपण तर तिथून आठ हजार मैलांवर असतो, आपल्याला सांगायला कोण येणार? म्हणून मी.

बरं, मोठाच मासा हवा हा हट्ट आपला आहे तरी का? आपल्या शेजारच्या केबिनवाल्यांचा असणं मी समजू शकते. ते माशाचे फिले काढतात. दोन्ही बाजूंची काटा नसलेली पट्टी घेतात, बाकीचं कचऱ्यात. सहा इंचांच्या ब्लूगिलची पट्टी निघते बिस्किटाएवढी, त्यात त्यांचं भागत नाही. पण आपण? आपण मांदेली, मुडदुशा, तारल्या, पेडवे खाऊन मोठे झालो. तोंडात मासा आणि जिभेने काटा बाजूला, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. आपल्याला अख्खा मासा तळायचा असतो, डोक्यासकट. आणि अख्ख्या तळण्यासाठी सहा इंची ब्लूगिल आठ इंचीपेक्षा चांगला, हे मी तव्यापाशी उभी राहून सांगते. मोठ्याचं बाहेरचं करपतं तेव्हा काट्याजवळ आत कच्चं राहतं. लहानाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा द्या, आगळ, आलं-लसूण, घरचा मसाला, वर तांदळाचं पीठ आणि रवा. चार मिनिटांत शेपटीपासून कल्ल्यापर्यंत कुरकुरीत. या तळ्याला जे हवंय नेमकं तेच आपल्या ताटाला हवंय, हा योगायोग या राज्यात किती जणांच्या वाट्याला येत असेल? आणि आपण तो फोटोसाठी वाया घालवतोय.

मुलांच्या पोटाच्या दृष्टीनेही तेच बरं. इथल्या तळ्यांतल्या माशांत पारा असतो, आणि तो जुन्या, मोठ्या, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या माशांत साठत जातो. म्हणून इथलं आरोग्य खातं लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मोठा वॉलाय-पाइक टाळून सनफिश, क्रॅपी, पर्च असे लहान मासे खायला सांगतं.

"सरकार मासे सोडतंच की तळ्यात," हेही ऐकलंय. सोडतं, वॉलायची पिल्लं सोडतं. ब्लूगिलचा कारभार बहुतेक ठिकाणी त्या वाळूतल्या थाळ्यांवरच चालतो. "बाकीचे लोक आपल्यापेक्षा जास्त नेतात" हे खरं असेल, मला माहीत नाही. हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून बसणारे किती नेतात हे मी पाहिलेलं नाही, आणि उणे वीसमध्ये बघायला जाणारही नाही.

आता जरा अवघड विषय. दोन वर्षांपूर्वी बोटीच्या धक्क्यावर ती मुलगी आली होती, हातात फळी आणि मोजपट्टी घेऊन. किती तास पाण्यावर होता, काय धरलं, किती सोडलं, मासे मोजू का, चार खवले घेऊ का. आमच्या घरच्यांना वाटलं, दंड करायला आली. त्यांनी तास वाढवून आणि मासे कमी करून सांगितले, आणि एक बादली टॉवेलखाली सरकवली. ती बादली पूर्ण कायदेशीर होती! ती मुलगी पोलीस नव्हती. कोण किती नेतो, मासे केवढे आहेत, कोणत्या वयाचे आहेत, हे तळ्यातळ्यावर फिरून लिहून घेणं एवढंच तिचं काम. त्या कागदांवरूनच पुढे ठरतं की मर्यादा 20 ठेवायची की 5. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये एस्कनाबा नावाचं तीनशे एकरांच्या आतलं तळं आहे; तिथे 1946 पासून गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी फुकट चिठ्ठी घ्यावी लागते आणि जाताना धरलेला मासान् मासा दाखवावा लागतो. म्हणून त्या एका छोट्या तळ्याकडे इतक्या दशकांचा अखंड हिशोब आहे आणि जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ तो वाचतात. आपण टॉवेलखाली जी बादली लपवली, ती या हिशोबातून गेली. यंदा ती किंवा तिच्या जागी कोणी आलं तर खरं सांगा. चहा द्या. बादल्या मी स्वतः उघडून दाखवीन.

उरलेल्या गांडुळांचंही सांगून टाकते. दर वर्षी रविवारी निघताना आपण ती डबीतली गांडुळं "जा बाबांनो" म्हणून झाडाखाली मोकळी सोडतो. पुण्य वाटतं. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे आपण तिसरीत शिकलो. पण या जंगलांत हिमयुगानंतर गांडुळं नव्हतीच. इथली सगळी बाहेरून, बहुतेक युरोपातून, माणसांबरोबर आलेली आहेत. इथलं जंगल साचलेल्या पाचोळ्याच्या जाड थरावर वाढतं, आणि गांडुळं तो थर खाऊन टाकतात. मग त्यात उगवणारी रानफुलं, नेचे, झाडांची रोपं जातात. तेव्हा उरलेली गांडुळं कचऱ्याच्या डब्यात. वाईट वाटेल, पण कचऱ्याच्या डब्यात. आणि बोटीतलं पाणी धक्क्यावरच काढायचं, बूच उघडं ठेवून गाडी न्यायची. ते तुम्ही करता, बघितलंय मी.

तर यंदाचं. सहल जूनमधून हलवावी असं मी म्हणणार नाही. जुलैत निम्मी मंडळी भारतात, ऑगस्टात गणपतीच्या तालमी, सप्टेंबरात शाळा. जूनच राहू दे. फक्त पोंटून त्या वाळूच्या खाचेत नांगरू नका. तणाच्या कडेला, आठ-दहा फूट पाण्यात बसा. तिथे लागतात, जरा वाट बघावी लागेल एवढंच. गप्पा मारायलाच जाता ना? खाचेकडे मुलांना न्या, पण गळाशिवाय. गुडघाभर पाण्यात उभं करून थाळ्या दाखवा. पाय टोचून घेऊ देत.

धरलेला मासा मोजपट्टीवर ठेवा. मी लाकडी पट्टी करून घेतली आहे, आठ इंचांवर लाल रेघ. रेघेच्या आतला ठेवा, रेघेला टेकलेला किंवा पुढे गेलेला परत पाण्यात. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्यावर बुरशी धरते. गळ खोल गेला असेल तर ओढू नका, दोरा कापा. फोटो काढायचा तर एक, पाण्याच्या वरच, पटकन. आणि माणशी दहा. सात मोठी माणसं, सत्तर मासे, मुलाबाळांसकट सगळ्यांना पुरून उरतात. दर वर्षी उरलेले सोमवारी ऑफिसच्या डब्यात कोण नेतं आणि मायक्रोवेव्हवरून कोणाला बोलणी बसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

या तळ्यावर मर्यादा 5 करावी असं खात्याला लिहायचा माझा विचार आहे. अशा नियमांवर ते लोकांची मतं मागवतात. पत्र मी लिहीन, इंग्रजी तुम्ही तपासा, सही ज्यांना करायची त्यांनी करा. जे करणार नाहीत त्यांच्यावर राग नाही.

टेबलाचा मात्र नियम मी आजच सांगून ठेवते. लाल रेघेच्या आतले मासे नेहमीसारखे मी आणि वहिनी साफ करू, तळू, गरम गरम वाढू. रेघेच्या बाहेरचा मासा जो आणेल त्याने तो स्वतःच साफ करायचा, बारा इंची तव्यावर नव्हे तर त्या केबिनमधल्या चिकटणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पॅनमध्ये तळायचा, आणि पॅनही त्यानेच घासायचं. सुरी मी देईन.

तुमची,
दर वर्षी मासे साफ करणारी